धूम्रगडाच्या पायथ्याचा गहू

“गोफणवीर, शत्रू टेकडीवर येऊन उभा राहिलाय आणि तुम्ही गडाबाहेर काय करताय?”

सेनापतीबाईंचा निरोप पडद्यावर आला तेव्हा मी पेरत होतो. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीला ढाल, कमरेला गोफण आणि ओटीत गव्हाचं बी, असा माझा अवतार. मागं टेकडीवर कालसर्प सेनेचे पंखवाले घोडे पाय आपटत होते. त्यांच्यात राक्षसही होते. एकाच्या तोंडातून मधूनमधून जाळ निघत होता.

“पेरतोय,” मी कळवलं.

“आत्ता?”

“वापसा चांगला आहे. पेरायला हवी तशीच ओल आहे.”

त्यावर बाईंचं उत्तर आलं नाही. बाई शिस्तीच्या. संतापल्या की गप्प बसायच्या, आणि त्या गप्प बसल्या की शत्रूपेक्षा त्यांचीच भीती वाटायची. मग वज्रबाहूनं लिहिलं, “मामा, ह्या टायमाला वापसा कसला बघतायसा? आत या की! त्या राक्षसाच्या तोंडात नुसती भट्टी पेटल्या!”

“आलोच. एवढी ओळ, एवढं तास पुरं करतो.”

आणि खरोखर तास पुरं करूनच मी आत गेलो. माझ्यामागं दरवाजा लागला, आणि पहिला आगीचा गोळा त्याच्यावर येऊन आदळला. पेरणीचं कारण मी त्यांना सांगू शकत नव्हतो. सांगितलं असतं तर आम्हां चौघांनाही देशोधडीला लावलं असतं.

हे सगळं फोनमधल्या खेळात चाललं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला चळ लागला.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी कडब्याच्या गंजीवरून खाली आलो. उतरलो नाही, आलो. मांडीचं हाड मोडलं. आत सळई, वर प्लास्टर आणि पुढं चार महिने खाट. सुरुवातीला सगळं गाव बघायला आलं. केळी आणली, बिस्किटांचे पुडे आणले, आणि प्रत्येकानं आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी मोडलेल्या पायाची गोष्ट सांगितली. त्यातली निम्मी माणसं गोष्टीच्या शेवटी मेलेली होती. मग रब्बीची कामं लागली आणि येणंजाणं थांबलं. गावाला नावं ठेवत नाही. आमच्या मंगळवेढ्याकडं ज्वारीच्या दिवसांत माणूस सख्ख्या भावाला ओळख देत नाही, तर मोडक्या पायाला कोण विचारतो!

माझी बायको इंदू दिवस उगवायला भाकऱ्या थापून, माझ्या उशाशी झाकून ठेवून रानात जायची, ती दिवस मावळताना यायची. माझा फोन तिच्याकडं. मजुरांचे, व्यापाऱ्याचे, पाण्याच्या मोटारीचे सगळे फोन त्यावर यायचे, तो खाटेवर ठेवून काय करायचा? मला पुतण्यानं त्याचा जुना, काच तडकलेला फोन दिला आणि तो पुण्याला निघून गेला. त्यात सिमकार्ड नव्हतं. पण शेजारी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, त्याचं वायफाय भिंतीतून माझ्या खाटेपर्यंत यायचं. देवाची कृपा.

त्या फोनात हा खेळ होता. कुणीतरी हौशी पोरांनी मराठीत बनवलेला. उघडला की विचारायचा, तू कोण? राजपुत्र, मांत्रिक, शिकारी की शेतकरी? मी आयुष्यभर जे होतो त्यावर बोट ठेवलं. लगेच मला बैलजोडी मिळाली, जमिनीचा तुकडा मिळाला. काय बैल होते! मी खूश. नांगरट केली, पहिलं पीक काढलं, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर दवंडी पिटली जातेय. अग्निखंडात युद्ध पेटलं, सगळ्या शेतकऱ्यांनी सैन्यात भरती व्हावं. बैल सरकारजमा झाले आणि माझ्या डोक्यावर लोखंडी टोप आला. तलवार घेणार का म्हणून विचारलं. मी म्हटलं, गोफण असेल तर द्या. ज्वारीवरची पाखरं राखण्यात जन्म गेला, तलवार कोणी धरलीय?

अशा रीतीनं मी धूम्रगडावर रुजू झालो. गडावर आम्ही चौघंच. सेनापती रणभैरवी, म्हणजे ज्यांना मी सेनापतीबाई म्हणतो त्या. त्या शुद्ध लिहायच्या, स्वल्पविरामसुद्धा सोडायच्या नाहीत, आणि भर लढाईत “कुकर लावून येते” म्हणून पाच मिनिटं गायब व्हायच्या. दुसरा वज्रबाहू. शाळेच्या पोरांची गाडी चालवायचा. पोरं शाळेत सोडली की सुटेपर्यंत गाडीतच बसून लढायचा. गाव सांगायची परवानगी नव्हती, पण हा गडी कोल्हापूरकडचा आहे हे लपवणं त्याच्या तोंडाला झेपणारं नव्हतं. आणि तिसरे मंत्रमुनी. हे कोकणातले रिटायर गृहस्थ असावेत, असा माझा अंदाज. एका बोटानं लिहायचे. शत्रू येऊन, मारामारी करून, घरी जाऊन जेवायला बसला की यांचा मंत्र सुटायचा. वज्रबाहू ओरडायचा, “मुनी, लढाई संपली की वो!” त्यावर मुनींचं एकच उत्तर. “असो.”

एकमेकांचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. सगळं लिहून. पण रोज सकाळी मी खेळ उघडला की तिघांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “पाय काय म्हणतोय?” मी सांगायचो, आज ठणका कमी आहे, आज प्लास्टरच्या आत खाज सुटलीय. वज्रबाहूनं सुचवलं, विणायची सुई घाला. सेनापतीबाईंनी हुकूम काढला की सुई घालायची नाही. माझ्या पायाचा एवढा विचार माझ्या डॉक्टरनंही केला नसेल.

प्रत्येक गडाच्या पायथ्याला एक शेत असायचं. त्यातलं धान्य गडाला पुरायचं. मी येण्याआधी या तिघांनी त्या शेताची काय दशा करून ठेवली होती म्हणता! बाईंनी रांगोळीसारखी ठिपक्याठिपक्यांनी पेरणी केली होती. वज्रबाहूनं सगळं पोतं एका चौकटीत ओतलं होतं. मुनी विचारत होते, बी उलटं पडलं तर कोंब खाली जाईल का? मी कपाळाला हात लावला आणि धडे सुरू केले. चौकटीवर बोट ठेवलं की बी पडायचं, आज पेरलं की अर्ध्या दिवसात उगवायचं, परवा पिवळं व्हायचं. मी त्यांना सांगितलं, सगळं जमेल, पण नांगे ठेवू नका. नांगा म्हणजे पिकात मधेच राहिलेली मोकळी जागा. “येणारा जाणारा तुमचं पीक बघत नाही, नांगा बघतो. नांगा दिसला की त्याच दिवशी बी टोचायचं. शेतकऱ्याची अब्रू असते ती.”

वज्रबाहूनं हे फारच मनावर घेतलं. सकाळी पोरं शाळेत सोडली की आधी शेतात फेरी मारायचा. पीक दाटून आलं की मला कळवायचा, “* नंबर पीक, मामा!”

या फुल्यांचं सांगायचं राहिलं. खेळाचा कडक नियम होता. कुणी कुणाला आपला फोन नंबर, गाव, पत्ता द्यायचा नाही. म्हणून लिहिण्यात कुठलाही आकडा आला, मग अंकात असो की अक्षरात, त्याच्या जागी फुल्या यायच्या. मी किती भाकरी खाल्ल्या हेसुद्धा सांगायची चोरी. आमच्या शेजारच्या गडावरच्या एका हुशारानं युक्ती काढली होती. म्हशीचे पाय, पांडव, नवग्रह, असं लिहून त्यानं सोबत्याला नंबर दिला. कुणीतरी चुगली केली, आणि त्यांचं अख्खं पथक खेळातून हद्दपार झालं.

तोवर आम्हांला त्याचं काही वाटत नव्हतं. नंबर कशाला पाहिजे? रोज गडावर भेट होतेच की. पण कालसर्प सेना आमच्याकडं वळली आणि सेनापतीबाईंनी नियम लिहून दाखवला. ज्याचा गड पडेल त्याचं पथक मोडेल. सैनिक वेगवेगळ्या मुलखांत पाठवले जातील, नवी नावं घेऊन. जुन्या सोबत्याला शोधायची सोय नाही.

“म्हंजी आपण परत भेटायचं न्हाई?” वज्रबाहूनं विचारलं.

“गड राहिला तर भेटू,” बाईंनी लिहिलं.

ते तीसचाळीस जण आणि राक्षस वेगळे. आम्ही चौघं. त्यात एकजण कुकरपाशी, एकजण एका बोटाचा आणि एकजण प्लास्टरमधला. गड राहणार नाही हे चौघांनाही कळत होतं, फक्त कुणी लिहीत नव्हतं. मला रात्रभर झोप लागली नाही. हसू नका. चार महिने ज्यांनी रोज पायाची चौकशी केली, ती माणसं एका दणक्यात नाहीशी होणार होती, आणि मला त्यांची खरी नावंसुद्धा माहीत नव्हती.

सकाळी माझी नजर भिंतीवरच्या गेल्या सालच्या कॅलेंडरकडं गेली आणि डोक्यात उजेड पडला. लिहिलं तर फुल्या येतात. पेरलं तर कोण फुल्या घालणार? कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर चौकटी आखल्या, माझ्या नंबरचे दहाही आकडे त्यांत बसवले आणि तसंच्या तसं शेतात बी टाकलं. आकड्यात गहू, बाकी रान मोकळं. उगवलं की बुरुजावर चढणाऱ्याला हिरवा नंबर वाचता येईल. तेवढ्यात टेकडीवर शत्रू आला, आणि मग तो वापशाचा संवाद झाला.

गडात गेल्यावर मी एवढंच लिहिलं, “उद्या सकाळी सगळ्यांनी बुरुजावर जाऊन शेत बघा. चुकवू नका.”

“लढाईच्या दिवशी शेत?” सेनापतीबाई.

“बघाच.”

“असो,” मुनी म्हणाले. म्हणजे बघणार.

दुसऱ्या दिवशी नेमकं मला एक्सरेसाठी सोलापूरला न्यायचं होतं. जीपमध्ये आडवा पडून गेलो, आडवा पडून आलो, सगळा जीव गडावर. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळतंय. मी म्हटलं, असो. घरी खाटेवर टेकलो आणि पहिला खेळ उघडला. धावत बुरुजावर चढलो आणि खाली बघितलं.

सगळं शेत हिरवंगार. या बांधापासून त्या बांधापर्यंत. कुठं आकडा नाही, कुठं नंबर नाही. गालिचा अंथरावा तसं पीक.

वज्रबाहू वाटच बघत होता. “मामा, बघितलासा का? सकाळी आलो तर काय, तुमच्या पेरणीत नुसतं नांगंच नांगं! मी म्हटलं, पायाच्या दुखण्यात मामांचं ध्यान लागलं नसंल. आता सेनापती बुरुजावर येऊन बघणार, मुनी बघणार, वरनं शत्रू बघणार! मामांची अब्रू काय ऱ्हाईल? वरनं बाण पडालते, तरी बाहीर जाऊन सगळं नांगं भरलो. एक सोडला न्हाई!”

गंमत म्हणजे त्या “एक”च्याही फुल्याच आल्या होत्या. पण मला वाचता आलं.

आता या माणसाला काय बोलायचं? आगीच्या गोळ्यांतून वाकत वाकत जाऊन त्यानं माझी लाज झाकली होती. आणि झाकता झाकता नंबर मातीत घातला होता. आधी मला असा राग आला की फोन भिंतीवर आपटावा. मग हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र काही केल्या थांबेना. चुलीचा धूर नव्हता, घरात कोणी नव्हतं, त्यामुळं खुशाल येऊ दिलं.

“झकास भरलंस,” मी लिहिलं. “अशी भरणी गावात कुणाला जमत नाही.”

“तुम्हीच शिकीवलासा न्हवं!”

सेनापतीबाई आल्या. “गोफणवीर, शेत पाहिलं. सुंदर आहे. पण दरवाज्याची बिजागरी गेली आहे. उद्या सकाळचा हल्ला आपण झेलू शकणार नाही. माझं मत आहे की मान राखून आज संध्याकाळीच गड सोडावा.”

मी खाटेवर पडून त्या हिरव्या शेताकडं बघत बसलो. आता पेरायला वेळ नाही, बी नाही. आणि बघता बघता मला आठवलं की नांग्यात भरलेलं पीक आधीच्या पिकाला कधी गाठत नाही. ते मागंच राहतं. माझा गहू काल पडला, वज्रबाहूचा आज. माझा उद्या पिवळा होणार, त्याचा हिरवाच राहणार.

“बाई, उद्या दुपारपर्यंत गड सोडू नका,” मी लिहिलं.

“का?”

“सांगता येत नाही.”

“सैन्यात असं चालत नाही, गोफणवीर.”

“मी सैनिक कालचा आहे, बाई. शेतकरी जन्माचा. माझा गहू पिवळा होईपर्यंत थांबा. मग गड गेला तरी माझी तक्रार नाही.”

बाई गप्प बसल्या. मी म्हटलं, संपलं. पण थोड्या वेळानं निरोप आला, “उद्या मी कुकर लावणार नाही. दुपारपर्यंत लढू.”

काय लढलो आम्ही! गेले ते दिवस, पण त्या सकाळची सर कशाला नाही. वज्रबाहूनं दरवाजा पाठीनं दाबून धरला होता आणि वर शिव्या देत होता. त्या शिव्यांत आकडे नव्हते म्हणून सगळ्या जशाच्या तशा उमटत होत्या. मी तटावरून गोफण फिरवत होतो. पहिला दगड पंखवाल्या घोड्याला लागला, दुसरा मुनींच्या कमंडलूला लागला. मुनी म्हणाले, “असो.” सकाळी उठल्या उठल्या त्यांनी सोडलेला मंत्र तेवढ्यात पोचला, आणि जाळ ओकणाऱ्या राक्षसाचं बोकड झालं. शत्रूचे लोकसुद्धा थांबून बघायला लागले. बोकड निवांत माझ्या गव्हात शिरलं.

“हाकला त्याला!” मी ओरडलो. खाटेवर, मोठ्यानं. शेजारच्या दुकानातून फॉर्मवाला विचारायला आला, काय झालं काका? मी म्हटलं, गव्हात बोकड शिरलंय. तो बिचारा अंगणात जाऊन बघून आला.

दरवाज्याची शेवटची फळी निघाली तेव्हा सेनापतीबाई बुरुजावर होत्या. तलवार उपसलेली. त्यांनी खाली बघितलं असावं.

“गोफणवीर, तुमचा गहू कुठं पिवळा, कुठं हिरवा असा का दिसतोय?”

“कुठं कुठं पिवळा आहे, ते नीट बघा, बाई.”

खाली शत्रू आत शिरत होता. मग बाईंचा निरोप आला. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही.

“अगं बाई”

आणि लगेच दुसरा, “वज्रबाहू, दरवाजा सोड! कागद घे आणि बुरुजावर ये! मुनी, तुम्हीही!”

वज्रबाहू वर पोचला. मला दिसत होतं, तो कठड्याशी नुसता उभा होता. आजूबाजूला बाण पडत होते. “मामा,” त्यानं लिहिलं. “म्हंजी मी काल... मी त्ये...”

“तू काही केलं नाहीस. नीट उतरवून घे.”

तेवढ्यात कालसर्पांचं घोडदळ शेतात घुसलं. उभ्या पिकातून! बांध होता की बाजूला! शेवटच्या आकड्यावरून घोडे गेले आणि तो सपाट झाला. मी हात वर करून धावलो, तोच पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली. धूम्रगड पडला. तुमचं पथक विसर्जित झालं आहे. नवीन नाव निवडा.

मी फोन छातीवर ठेवला आणि वाट बघायला लागलो. शेवटचा आकडा गेला म्हणून काय झालं, दहांतला एक तर बरोबर निघेल. फोन वाजेल. आता वाजेल. मग वाजेल. आणि अचानक माझ्या ध्यानात आलं की वाजेल तो इंदूजवळ. रानात. ज्वारीच्या काढणीत. आणि मी तिला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

अनोळखी फोनांशी इंदू कशी बोलते, हे तालुक्याला माहीत आहे. कर्ज देणारे, विमा विकणारे, लॉटरी लागली सांगणारे, सगळे तिनं एकेकदा वाजवून सरळ केलेत. एका बँकेच्या पोरानं तर फोनवरच “मावशी, चुकलं” म्हणून माफी मागितली होती. मी खाटेवरून हाका मारल्या. फॉर्मवाला दुपारीच दुकान बंद करून गेलेला, कोण ऐकतंय? उठायला बघितलं, तर पायानं सांगितलं, बस गपचूप. ती संध्याकाळ होईपर्यंत मी जे भोगलं ते मोडलेल्या हाडानंही भोगायला लावलं नव्हतं.

दिवस मावळताना इंदू आली. डोक्यावरचं वैरणीचं ओझं दारात टाकलं, पदरानं तोंड पुसलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कुणाचा फोनबिन?”

“फोनबिन? अवो, दुपारधरनं जीव खाल्लाय! एक बाई म्हनती, मी सेनापती बोलतेय, गोफणवीर आहेत का. मी म्हनलं, मी सेनापतीची सासू बोलतेय, ठेव फोन! ठेवला तिनं.”

मी डोळे मिटले.

“मग एक म्हातारा. त्यो काय बोलंचना. नुसता हॅलो म्हनून खोकत हुता. मी म्हनलं, काय पायजे? तर म्हनला, काही नाही, असो. आन् एका टग्यानं तर कळसच केला. म्हनला, आमी तुमचा गड घेतलाय, पर गहू लई भारी आलाय, बी कुठलं? त्याला म्हनलं, कृषी केंद्रात जाऊन इचार, मुडद्या!”

“आणखी कुणी?” मी विचारलं.

इंदू माझ्याजवळ खाटेच्या कडेला टेकली. “आनखी एक आला. त्यो रडत हुता बगा. एवढा बाप्या मानूस, गाडीत बसून रडत हुता. मागनं पोरांचा कालवा ऐकू येत हुता, पोरं म्हनत हुती, काका, गाडी सोडा की. म्हनला, मामी, आदी सात जागी लावला, सगळ्यांनी शिव्या दिल्या, ह्यो तरी मामांचा हाय का? मामास्नी सांगा, नांगं म्या भरलो, माझ्यामुळं घोटाळा झाला, माझ्यावर चिडू नगा म्हनावं.”

“मग? त्यालाही झाडलंस?”

“झाडत हुते की! पर त्यानं इचारलं, आज पाय काय म्हनतोय?” इंदूनं पदर सावरला. “अवो, रब्बी लागल्यापासनं घरच्या दारातनं मानसं जात्यात, कुनी आत डोकावून इचारलं न्हाई. मी बी दमून येते आन् पडते, मी बी रोज इचारते असं न्हाई. आन् ह्यो कोन कुठला, सात जागच्या शिव्या खाऊन तुमचा पाय इचारतोय. म्हनलं, लेकरा, डोळं पूस आन् पत्ता लिवून घे. ऐतवारी सगळीच या. त्या सेनापतीला मी परत फोन लावला आन् म्हनलं, बाई, सासू म्हनले ते पोटात घाल. त्या खोकनाऱ्यालाबी सांगितलंय.”

मी भिंतीकडं तोंड केलं. ती उठली, चूल पेटवायला गेली, आणि आतून ओरडून विचारलं, “अवो, किती मानसं हायत तुमच्या सैन्यात? भाकरीचा अंदाज लागाय पायजे.”

“तीन,” मी म्हटलं.

ती पिठाची काटवट हातात घेऊन दारात आली. “तीनच? आन् येवढ्यावर चार महिनं काढलं व्हय तुमी?”

“काढले,” मी म्हटलं.